पडद्याखालची ओळ

गेल्या नोव्हेंबरात, सोयाबीन घरात येऊन कपाशीची वेचणी चालू असताना, आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी आम्ही एक इटालियन चित्रपट दाखविला. जागा चर्चच्या आवारातील सभागृहाची. प्रोजेक्टर शाळेकडून मागून आणलेला. पडदा म्हणजे दोन पांढऱ्या चादरी शिवून केलेला. माणसे चाळीसच्या आसपास. चित्रपट एरमान्नो ओल्मी यांचा, १९७८ सालचा. त्याचे मूळ नाव मराठीत उतरवून आम्ही फळ्यावर लिहिले होते : ‘खडावांचे झाड’. तीन तासांहून थोडा मोठा, म्हणून दोन संध्याकाळी वाटून घेतलेला.

पहिल्या संध्याकाळची सुरुवात फसली, हे आधी कबूल केले पाहिजे. चित्र सुरेख उमटत होते, आवाजही ठीक होता. पण पडद्याच्या तळाशी इंग्रजीची ओळ धावत होती आणि सारे सभागृह त्या ओळीच्या मागे धावत होते. ज्यांना इंग्रजी येत होते ते शेजारच्यांना वाचून सांगत होते. ज्यांना येत नव्हते ते शेजाऱ्याचे तोंड पाहत होते. पडद्याकडे फारसे कोणी पाहतच नव्हते. अर्ध्या तासाने पहिल्या रांगेतील एक निवृत्त शिक्षिका उठल्या. सारे गाव त्यांना ‘बाई’ म्हणते. आम्हीही येथे तेवढेच म्हणू. ‘‘फादर, जरा थांबवा,’’ असे म्हणून त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला, चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावावयास सांगितला आणि इंग्रजी ओळ वाचून त्या आमच्या बोलीत सांगू लागल्या.

चित्रपटाच्या आरंभीच एक मजकूर येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लोंबार्दी प्रांतातील ही शेतवाडी; घर, गोठा, जमीन, झाडे आणि काही गुरेढोरे मालकाची; पिकाचे तीन वाटे झाले तर दोन मालकाचे. बाईंनी हे सांगितले मात्र, मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या गृहस्थाचा आवाज आला, ‘‘दोन वाटे त्याचे? मंग खाचं काय?’’ हे गृहस्थ आयुष्यभर सालदार म्हणून राबलेले. त्यांचा प्रश्न ऐकताच सभागृह हसले आणि नंतर गप्प झाले. त्या क्षणापासून चित्रपट सुरू झाला, असे आम्ही मानतो.

जगातील निरनिराळ्या देशांचे चित्रपट स्थानिक प्रेक्षकांपर्यंत नेण्याचा विषय निघाला की अंतराची गोष्ट निघते. इटली लांब, इराण लांब, जपान तर फारच लांब. आम्हांस त्या संध्याकाळी वेगळेच दिसले. बेर्गामोकडचा कुळवाडी आणि मोताळ्याकडचा सालदार यांच्यामध्ये फार मोठे अंतर नव्हते; मध्ये एक ओळ होती, आणि ती ओळ त्या दोघांपैकी कोणाच्याच भाषेत नव्हती. आपल्याकडील चित्रपट महोत्सवांकडे आणि चित्रपट मंडळांकडे या एका ओळीच्या बाजूने पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

यांचा इतिहास आपल्या राज्यात लहान नाही. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ च्या जानेवारीत मुंबईत सुरू झाला आणि पुढे मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. त्यात व्हित्तोरियो दे सिका यांचा ‘सायकलचोर’ दाखविला गेला. तो पाहून बिमल रॉय यांनी ‘दो बिघा जमीन’ कसा केला, ही कथा सर्वश्रुत आहे. सत्यजित राय यांनी तोच चित्रपट त्याआधी, १९५० साली, लंडनमध्ये पाहिला होता. पुढे १९५९ साली चित्रपट मंडळांचा महासंघ उभा राहिला, १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, १९६८ साली मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ स्थापन झाले. संग्रहालयाकडून सोळा मिलिमीटरच्या प्रती मंडळांना मिळत आणि ठिकठिकाणी त्यांचे खेळ होत. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००२ पासूनचा. आता छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळच्या नावाने महोत्सव भरतो. अजिंठ्याचीच डोंगररांग आमच्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा हा महोत्सव आम्हांला त्यातल्या त्यात शेजारचा.

या साऱ्यांचे ऋण मान्य करूनच बोलावयाचे. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे पदरमोड करून मंडळे चालविली, त्यांच्यामुळेच मराठी माणसाला कुरोसावा आणि बर्गमन ही नावे कळली. एक गोष्ट मात्र मनमोकळेपणाने सांगावी. मंडळांचे खेळ केवळ सदस्यांसाठी असल्याने त्यांना परीनिरीक्षणातून सूट मिळे, आणि एके काळी पुष्कळांनी सदस्यत्व घेतले ते ‘न कापलेले’ दृश्य पाहता येते म्हणून. आमच्या तरुणपणी एका शहरातील मंडळात असे खेळ आम्ही पाहिले आहेत. हवे ते दृश्य संपले की अर्धे सभागृह रिकामे होई, आणि उरलेल्यांत आम्ही का होतो हे आमचे आम्हांला ठाऊक. कुटुंबांनी या चळवळीकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले, त्यात त्यांचा सगळाच दोष नव्हता.

पण याहून खोल अडचण वेगळी आहे. या महोत्सवांची पत्रिका इंग्रजी, चर्चा बहुधा इंग्रजी, आणि पडद्याखालची ओळ तर इंग्रजीच. पोलिश भाषेतील चित्रपट मराठी माणसाने इंग्रजीतून वाचावयाचा. ज्याला ते जमते त्याच्यासाठी जग उघडते. ज्याला जमत नाही त्याला महोत्सवाचे दार उघडे असूनही आत जागा नाही. ‘आमच्याकडे सर्वांना प्रवेश आहे’ असे आयोजक प्रामाणिकपणे म्हणतात. खरेच प्रवेश असतो.

येथे दादासाहेब फाळके यांची आठवण येणे साहजिक आहे. फाळके यांनी १९१० साली मुंबईत ‘ख्रिस्ताचे जीवन’ हा विदेशी मूकपट पाहिला, दुसऱ्या दिवशी पत्नी सरस्वतीबाई यांना घेऊन पुन्हा पाहिला, आणि पडद्यावर येशू चालत असताना त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण चालू लागले. हे त्यांनी स्वतः १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेविले आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. आपल्या समाजात ही गोष्ट थोड्या अभिमानाने सांगितली जाते. तो अभिमान समजण्यासारखा असला तरी त्यात मुद्दा निसटतो. परक्या देशाचा, परक्या श्रद्धेचा चित्रपट एका नाशिककर ब्राह्मणाने पाहिला आणि त्याला त्यात आपले घर दिसले, हा खरा चमत्कार. तो घडू शकला याचे एक साधे कारण असे की तो मूकपट होता. पडद्याखाली धावणारी ओळ नव्हती. मध्ये मध्ये पाट्या येत, आणि मूकपटांच्या काळात या पाट्या प्रेक्षकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखविणारा माणूस अनेक ठिकाणी असे. जपानमध्ये तर अशा निवेदकांचा ‘बेन्शी’ नावाचा मानाचा पेशाच होता. नटापेक्षा बेन्शीच्या नावावर लोक खेळाला येत. चित्रपट बोलू लागला आणि हा मधला माणूस गेला. बाईंनी ध्वनिक्षेपक हाती घेतला तेव्हा त्या नकळत याच जुन्या पेशात शिरल्या होत्या.

आता ‘देशाचा चित्रपट’ या कल्पनेकडे वळू. महोत्सवांत चित्रपटाच्या नावापुढे देशाचे नाव छापतात : इटली, इराण, पोलंड, भारत. सोयीसाठी ते ठीक. पण ‘खडावांचे झाड’ यापुढे ‘इटली’ छापले की एक मोठी गोष्ट झाकली जाते. या चित्रपटातील माणसे इटालियन बोलतच नाहीत. ती बेर्गामो भागाची ग्रामीण बोली बोलतात. पडद्यावरची माणसे व्यावसायिक नट नाहीत. त्याच भागातील शेतकरी आणि गावकरी आहेत. ही बोली इटलीतच इतरांना कळेना, म्हणून ओल्मी यांना इटालियन भाषेत वेगळी आवृत्ती करावी लागली. म्हणजे रोमच्या प्रेक्षकालाही मधला माणूस लागला! आमच्या घाटाखालच्या वऱ्हाडीत आणि पुण्याच्या छापील मराठीत जे नाते, तेच येथे. आमच्या बाईंना हे आधी ठाऊक नव्हते. ते कळल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘मग मी उगाचच पुस्तकी बोलत होते,’’ आणि दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी सरळ वऱ्हाडी धरली.

उलट दिशेनेही हेच होते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला गेला आणि तेथे दोन मोठे मान मिळवून आला. त्याच्या नावापुढे ‘भारत’ असे लिहिलेले. पण त्या न्यायालयात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषा बोलल्या जातात, आणि कोण कोणत्या भाषेत बोलतो यातच त्या चित्रपटाचा अर्धा अर्थ आहे. खालच्या एकाच इंग्रजी ओळीत तो सपाट होतो. त्याच व्हेनिसला १९३७ साली ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ गौरविला गेला होता. देहूचा वाणी, त्याची कातावलेली आवली आणि वैकुंठाचे विमान त्या इटालियन प्रेक्षकांनी पाहिले, तेही ‘सायकलचोर’ निर्माण होण्याच्या अकरा वर्षे आधी. देवाणघेवाण आजची नाही. तिच्यात आपण सदैव घेणारेच होतो, असेही नाही.

आणखी एक विसंगती नोंदवावीशी वाटते. महाराष्ट्रातील जत्रांतून तंबूत चित्रपट दाखविणाऱ्या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखविला गेला आणि तेथे त्याचा विशेष उल्लेख झाला. आमच्या गावाकडची तंबूत बसलेली माणसे अशा रीतीने जगाने पाहिली. त्या माणसांना जग कोणी दाखविले नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी चित्रपटांच्या निवडीचा प्रश्न आला की चर्चकडे पाहण्याची रीत आहे. म्हणून व्हॅटिकनच्या यादीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. चित्रपटकलेला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने १९९५ साली व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क विषयक मंडळाने पंचेचाळीस चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग, प्रत्येकात पंधरा. यादी मोकळ्या मनाची आहे, हे प्रथम म्हटले पाहिजे. नास्तिक म्हणविणाऱ्या पाझोलिनीचा ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ तीत आहे, चर्चवर आयुष्यभर कोरडे ओढणाऱ्या बुन्युएलचा ‘नाझारिन’ही आहे. लुथरन डेन्मार्कचा ‘बाबेतची मेजवानी’ आहे. पुढे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या आपल्या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात या चित्रपटाचा नावानिशी दाखला दिला. ‘सायकलचोर’ आणि ‘खडावांचे झाड’ हे दोन्ही मूल्यांच्या भागात आहेत. आमची निवडही या यादीवरूनच सुरू झाली.

पण पंचेचाळीसांत भारतीय दिग्दर्शकाचा एकही चित्रपट नाही. भारत आहे तो रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’मधून. आशियाई दिग्दर्शक दोनच, दोघेही जपानी : इचिकावा यांची ‘बर्मी वीणा’ आणि कुरोसावा यांचा ‘देर्सू उझाला’, आणि हा दुसराही रशियात, रशियन भाषेत केलेला. आफ्रिकेतून काही नाही. ‘पथेर पांचाली’ १९५५ सालचा आहे. मूल्यांच्या पंधरांत त्याला जागा सापडू नये, हे आम्हांला पटलेले नाही. यात दुष्टावा कोणाचाच नसतो. जो पाहणारा जेथे बसलेला असतो तेथून त्याला जेवढे दिसते तेवढे तो लिहितो. म्हणूनच रोममध्ये बसून केलेली यादी असो की पुण्यात बसून केलेली, ती बुलढाण्यात जशीच्या तशी चालवू नये. यादी आदराने वाचावी आणि खाली आपले दोन-चार चित्रपट लिहावेत.

यादीतल्या ‘सायकलचोर’वरून आमच्याकडे वाद झाला. ‘खडावा’च्या पंधरवड्यानंतर तो आम्ही दाखविला. युद्धानंतरच्या रोममध्ये अंतोनियोला पोस्टर चिकटविण्याचे काम मिळते. कामाला सायकल हवी. ती सोडविण्यासाठी बायको घरच्या चादरी गहाण टाकते. आणि पहिल्याच दिवशी सायकल चोरीस जाते. बापलेक ती शोधत फिरतात. एका ठिकाणी चोराला ओळखणाऱ्या म्हाताऱ्याचा पाठलाग करीत दोघे एका चर्चमध्ये शिरतात. तेथे सुखवस्तू मंडळी गरिबांची दाढी करून देत आहेत, सूप देणार आहेत. पण आधी प्रार्थनेला बसले पाहिजे. अंतोनियो त्या म्हाताऱ्याशी कुजबुजतो, लोक त्याला ‘शू’ करतात. त्याच्या संसाराचा प्रश्न आहे. त्यांच्या प्रार्थनेत व्यत्यय येतो आहे.

खेळ संपल्यावर दोघा-तिघांनी नापसंती व्यक्त केली. चर्चच्या सभागृहात चर्चची अशी थट्टा कशाला? आम्हांला ही नापसंती महत्त्वाची वाटते, कारण ती चित्रपट नीट पाहिल्याशिवाय येत नाही. पण थट्टा तेथे आहे असे आम्ही म्हणणार नाही. दे सिका कोणाला दुष्ट दाखवीत नाही. त्या स्त्रिया आणि ते गृहस्थ मनापासून सेवा करीत आहेत. त्यांना फक्त समोरच्या माणसाची घाई दिसत नाही. अशी दानशूरता आपल्या धर्मग्रामांतही नाताळच्या आठवड्यात कधी कधी दिसते. आम्ही स्वतः तीत सामील झालो आहोत. कपड्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला आधी गाणे म्हणावयास लावण्याचा प्रकार आम्ही पाहिला आहे. ‘सायकलचोर’मधील त्या चार-पाच मिनिटांनी त्याची आठवण झाली. रोमवरून वाद घालता घालता मंडळी आपल्याच आवारात येऊन पोहोचली, आणि मग वाद जरा हळू आवाजात झाला.

आता मधल्या माणसाविषयी. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांनी ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था वाढविली. १९७३ साली तिचे चित्रपट मंडळ निघाले. सुपारीच्या बागांत काम करणाऱ्या माणसांना त्यांनी ‘राशोमोन’, ‘सायकलचोर’, ‘पथेर पांचाली’ दाखविले. त्यासाठी कन्नडमध्ये लिहिले, कन्नडमध्ये बोलले, खेळानंतर बसून चर्चा केली. खेड्यातल्या माणसाला असले चित्रपट कळत नाहीत, हा शहरी समज त्यांनी निकालात काढला. सुब्बण्णा यांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या माहितीत भारतात या कामाचा याहून चांगला नमुना नाही. महाराष्ट्रात मंडळे पुष्कळ निघाली. हेग्गोडूसारखे खेडे आम्हांला दाखविता येत नाही.

पण मधला माणूस आला की त्याचा धोकाही येतो, आणि तो आमच्याकडे पहिल्याच खेळात दिसला. ‘खडावांचे झाड’मध्ये एक विधवा आहे. सहा मुले, लोकांचे कपडे धुऊन पोट भरते. तिची गाय आजारी पडते. गुरांचा डॉक्टर सांगतो, कापून टाका, निदान मांस तरी विकता येईल. ती ओढ्यावर जाते, बाटलीत पाणी भरते, प्रार्थना करीत करीत ते पाणी गाईला पाजते. काही वेळाने गाय उठून उभी राहते. ओल्मी एवढेच दाखवितो. ना संगीत चढते, ना कोणाच्या तोंडी चमत्काराची घोषणा येते. बाईंनी मात्र ध्वनिक्षेपकावर सांगितले, ‘‘पाहा, देवानं तिची प्रार्थना ऐकली, चमत्कार झाला!’’

सभागृहाला ते आवडले. आमच्या मनात ते खुपले. बाईंची श्रद्धा आम्हांस ठाऊक आहे, तिचा आदर आहे. पण ती ओळ पडद्यावर नव्हती. ओल्मीने जे उघडे ठेविले ते बाईंनी बंद केले. खेळ संपल्यावर आम्ही हे त्यांना संकोचाने म्हटले. त्या रागावतील असे वाटले होते. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘पण मग इतकी मोठी प्रार्थना ऐकून लोकांनी काय समजायचं?’’ आम्हांला तेव्हा उत्तर देता आले नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्याच चित्रपटाने ते दिले.

त्या भागात शाळेत जाणाऱ्या मिनेकची खडाव फुटते. शाळा लांब, रोज पायी जावयाचे. पाद्रीबाबांच्या सांगण्यावरून बापाने त्याला शाळेत घातलेले. बाप रात्री जाऊन पाटाच्या काठचे एक झाड तोडतो आणि घरी बसून मुलासाठी खडाव कोरतो. झाड मालकाचे. मालकाला कळते, आणि कुटुंबाला शेतवाडी सोडून जाण्याचा हुकूम होतो. हुकूम होतो एवढेच. कोणी ओरडत नाही, कोणी मारत नाही. संध्याकाळी सामान गाडीवर चढते. शेजारची कुटुंबे आपापल्या घरांत आहेत. बाहेर कोणी येत नाही. आत प्रार्थना चालली आहे. गाडी निघून गेल्यावर ती माणसे बाहेर येतात आणि अंधारात दूर जाणारा कंदील पाहत राहतात.

येथे बाई बोलल्याच नाहीत. इंग्रजी ओळही जवळपास नव्हतीच. सभागृहात कपाशीच्या चार-चार एकरांत अडकलेली माणसे होती. ज्यांच्या भावकीत, ज्यांच्या शेजारी कर्जापायी काय काय घडून गेले आहे ती माणसे होती. विदर्भाला हे समजावून सांगावे लागत नाही. प्रार्थना त्या कुटुंबांनीही केली होती, विधवेने केली होती तशीच. एकदा गाय उठली. एकदा गाडी निघून गेली. दोन्ही एकाच चित्रपटात, एकाच आवारात आणि एकाच श्रद्धेच्या माणसांत घडतात. हा चित्रपट श्रद्धेची खिल्ली उडवीत नाही आणि तिची जाहिरातही करीत नाही. म्हणूनच, आमच्या मते, १९७८ साली कान येथे त्याला सर्वोच्च सन्मान मिळाला तेव्हा तेथील ख्रिस्ती ऐक्य परीक्षक मंडळानेही त्यालाच आपला पुरस्कार दिला. मागच्या बाकावरचे ते सालदार गृहस्थ बाहेर पडताना एवढेच म्हणाले, ‘‘शेजारचे निघाले नाहीत.’’ दोन संध्याकाळींत इतके अचूक समीक्षण दुसऱ्या कोणी केले नाही. आम्हीही नाही.

तेव्हापासून बाईंनी एक नियम स्वतःला घालून घेतला आहे. जे पडद्यावर बोलले जाते तेवढेच सांगावयाचे. बाकी खेळ संपल्यावर, दिवे लागल्यावर. त्यासाठी त्या आता खेळाआधी चित्रपट दोनदा पाहतात, ओळीन् ओळ मराठीत वहीत उतरवून घेतात. काम कष्टाचे आहे. बेर्गामोच्या मालकाच्या कारभाऱ्याला काय म्हणावे यावर त्यांचे दोन दिवस गेले. शेवटी ‘दिवाणजी’ ठरला. हक्क असलेल्यांकडून खेळाची परवानगी मागणे, प्रोजेक्टर मिळविणे, फादरांच्या वेळा पाहणे ही कामे आमच्याकडे; ती त्या मानाने सोपी आहेत.

पुढचा चित्रपट इराणचा ठरला आहे : माजिद माजिदी यांचा १९९७ सालचा ‘स्वर्गातील मुले’. काही पालकांना एखादा धार्मिक चित्रपट हवा होता, दोघांनी ‘मुसलमानी देशाचा कशाला’ असेही विचारले. त्यांना आम्ही कथा सांगितली. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात. घरी सांगण्याची सोय नाही, बापाकडे पैसे नाहीत. म्हणून सकाळच्या शाळेला बहीण आणि दुपारच्या शाळेला भाऊ असे एकच जोड दोघे वापरतात. कथा ऐकून विरोध करणाऱ्यांपैकी एका मातेने विचारले, कोणत्या वारी आहे.

बाईंची वही तयार आहे. यावेळी इंग्रजी ओळीबरोबर त्यांनी मूळ आवाजाकडेही कान दिला आणि त्यांना फारसीतले पुष्कळ शब्द ओळखीचे लागले. आपल्या भाषेत ते शेकडो वर्षांपूर्वीच येऊन बसले आहेत. दुकान, बाजार, जमीन रोजच्या बोलण्यात आहेत. शेवटी अलीची शर्यत आहे. तिसऱ्या क्रमांकाला बुटांचा जोड आहे, म्हणून त्याला तिसराच यावयाचे आहे. धापा टाकीत तो आपला क्रमांक विचारतो, आणि त्याला उत्तर मिळते त्यात ‘अव्वल’ हा शब्द आहे. तेथे बाईंनी वहीत काहीही लिहिलेले नाही.